कोरीनच्या हातातलं वल्हं

...नाही, पण मला एक सांगा, वल्हं म्हणजे हत्यार का? तुमच्या अंगावर कुणी वल्हं घेऊन धावून आलंय कधी? माझ्या नाही आलं. अख्खा जन्म ओहायो नदीच्या काठावर गेला, टायरचं दुकान आहे माझं, दुकानामागे लोकांच्या होड्या बांधलेल्या असतात, वल्ही भिंतीला टेकवलेली असतात, पोरं नेतात, आणतात, कधी आणतही नाहीत, पण 'काय रे लेन व्राबेल, एवढी हत्यारं कशाला जमवलीस' असं विचारायला आजवर एक पोलीस आलेला नाही. आणि शाळेत मात्र... थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर नॅडीन म्हणते तसं, मी मधूनच सुरू होतो आणि ऐकणारा बिचारा नुसती मान हलवत बसतो. नॅडीन म्हणजे माझी बायको.

तर आमच्या गावची सरकारी शाळा. तिथे तास चालू असताना वर्गाबाहेर पाऊल टाकायचं तर पास लागतो. पाणी प्यायचंय? पास. लघवीला लागलीय? पास. पूर्वी लाकडाची एवढीशी पट्टी असायची, पोरं ती खिशात घालून घरी न्यायची, आठवड्यात पास संपले! मग मास्तरलोकांनी डोकं चालवलं. हरवता येणार नाही अशी वस्तू द्यायची. स्पॅनिशच्या बाईंनी दिली कमोडची सीट. नवी कोरी होती, कुणी वापरलेली नव्हती, पण सीटच ना शेवटी? भूगोलवाल्यांनी बागेत शोभेला ठेवतात तो मातीचा दाढीवाला बुटका पुतळा ठेवला, तो कडेवर घेऊन जायचं. आणि रसायनशास्त्राच्या गिब्लिन सरांनी, त्यांना मासेमारीचा नाद, त्यांनी ठेवलं वल्हं. चांगलं माणसाच्या उंचीचं. त्यावर लाल रंगात खोलीचा नंबर. सगळी शाळा हे सामान मिरवत संडासला जाते, कुणाला काही वाटत नाही.

आता त्या दिवशी आमची कोरीन, माझी थोरली, शाळेचं शेवटचं वर्ष, गिब्लिन सरांच्या तासाला उठली, वल्हं घेतलं, गेली. आणि ती आत असतानाच भोंगा वाजला. आगीची कवायत. आग नसते हो, दर महिन्याला नुसती सवय म्हणून सगळ्यांना मैदानात पळवतात. कोरीन बाहेर आली, गर्दीबरोबर मैदानात गेली, उभी राहिली. हातात वल्हं. आणि समोर स्ट्राउड बाई! या उपमुख्याध्यापिका, हातात कर्णा, डोळ्यांवर गॉगल, आणि सगळ्या पोरांच्या डोक्यांवरून त्यांना काय दिसलं, तर वल्हं.

मला दुकानात फोन. मी ट्रकच्या खाली. बाईंचा आवाज असा, पाकात घोळवलेला... "मिस्टर व्राबेल, अजिबात घाबरू नका हं, कोरीन अगदी सुखरूप आहे. तिच्याकडे हत्यार सापडलंय."

मी म्हटलं, कसलं हत्यार? तर म्हणे, "ते मला फोनवर सांगता येणार नाही. गुप्तता हा तिचा हक्क आहे."

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे दर ऑगस्टला पोरं एक पुस्तिका आणतात. 'विद्यार्थ्यांचे हक्क, जबाबदाऱ्या आणि शिस्त.' शेवटच्या पानावर आईबापांनी सही करायची, वाचलं म्हणून. गावात एका तरी आईबापाने ते वाचलंय का? आम्ही चहाकॉफीचा कप ठेवतो त्यावर. आणि त्यात लिहिलंय, हत्यार म्हणून वापरता येईल अशी वस्तू विद्यार्थ्याच्या हातात दिसली की दहा दिवस शाळेबाहेर. कारण विचारायचं नाही. आणि शेवटच्या वर्षात शाळेबाहेर काढलेल्या पोराला जूनमध्ये शाळा संपल्याच्या समारंभात स्टेजवरून चालता येत नाही. म्हणजे झगा नाही, चौकोनी टोपी नाही, सगळ्या गावासमोर नाव पुकारणं नाही. प्रमाणपत्र घरी येतं, टपालाने, वीजबिलाबरोबर.

माझं तसंच आलं होतं. आमच्या समारंभाच्या दिवशी सकाळी माझे वडील गेले, गिरणीतच, कामावर असताना. झगा इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता, तो आईने तसाच परत दिला. तेव्हा मला त्याचं फार काही वाटलं नव्हतं. पण कोरीनला झगा मिळणार नाही म्हटल्यावर मात्र वाटलं, खोटं कशाला बोलू.

नॅडीनने मला स्वयंपाकघरात धरलं. "लेन, सुनावणी आहे मंगळवारी. तू यायचंस. पण तोंड उघडायचं नाही. मागे तू पालकसभेत बोललास तर त्यांनी पार्किंगचे पैसे वाढवले."

मी म्हटलं, मी फक्त विचारलं होतं की...

"लेन."

बरं. शब्द दिला. गप्प बसेन.

सुनावणी म्हणजे काय, लायब्ररीतलं लांब टेबल. पलीकडे शाळेच्या समितीची तीन माणसं. मधे अध्यक्ष, प्रुइट डॉक्टर, दातांचे, आता निवृत्त. गावातल्या निम्म्या तोंडांत त्यांचा हात जाऊन आलेला, माझ्याही. माझं तोंड मिटलेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असेल. आणि टेबलावर पुरावा! वल्ह्याला प्लास्टिकची पिशवी घातलेली, ती पुरेना, तर पातं पिशवीत आणि दांडा बाहेर, दांड्याला चिठ्ठी बांधलेली. स्ट्राउड बाईंनी उभं राहून वाचलं... "सदर विद्यार्थिनी मोठ्या जमावात अंदाजे सहा फूट लांबीची बोथट वस्तू उभी धरून..." जमाव? अहो, तुम्हीच भोंगा वाजवून जमवलेला ना? मी गप्प बसलो. नॅडीनचा बूट माझ्या बुटावर होता.

मग साक्षीला गिब्लिन सर. चांगला माणूस, पण असा काही घाबरलेला, जणू ते वल्हं त्यांनीच कुणाच्या टाळक्यात घातलंय. डॉक्टर म्हणाले, "ही वस्तू तुमची?"

"माझी. म्हणजे शाळेची. म्हणजे आणली मी, पण पास म्हणून. साहेब, ते परत कधी मिळेल? पोरांची फार अडचण होते हो, पास नाही म्हणून मला कुणाला सोडताच येत नाही."

"तुम्ही हे कोरीनला दिलंत?"

"सगळ्यांनाच देतो. ज्याला लागेल त्याला."

स्ट्राउड बाई लगेच, "वर्गात असेपर्यंत तो पास आहे. मैदानात आला की पुस्तिकेच्या व्याख्येत बसतो." आता याला काय म्हणायचं? दरवाज्याच्या आत पास, बाहेर हत्यार. म्हणजे आमची टॉमी मांजर घरात मांजर आणि अंगणात वाघ! जिभेवर आलं होतं हो. पण मी गप्प बसलो.

मग डॉक्टरांनी विचारलं, "कोरीन, तुला काही सांगायचंय? तुझा हक्क आहे तो." आणि पोरगी उभी राहिली. बापासारखी गडबड नाही, हातवारे नाहीत. हातात पुस्तिका, तीच, वर कॉफीच्या कपाचा गोल डाग. म्हणाली,

"सर, तीन नियम आहेत. एक म्हणतो, पास हातात नसेल तर वर्गाबाहेर दिसायचं नाही. दुसरा म्हणतो, भोंगा वाजला की हातातलं जिथल्या तिथे टाकून बाहेर पडायचं. तिसरा म्हणतो, हत्यारासारखं काही हातात धरायचं नाही. मी संडासात होते, वल्हं होतं, भोंगा वाजला. यातला एक नियम मला मोडावाच लागणार होता. कुठला मोडायला हवा होता ते सांगा, पुढच्या वेळी तो मोडीन."

 एक सदस्य पुस्तिका उलटी धरून वाचायला लागले. स्ट्राउड बाईंनी गॉगल डोक्यावर चढवला. मला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं. तरी मी गप्प बसलो.

ते तिघं आत गेले, बाहेर आले. निकाल काय? तर हत्यार नाही. पण भोंगा वाजल्यावर हातातलं टाकलं नाही हे खरं, तर एक दिवस जेवणाच्या सुट्टीत एकटीने ऑफिसात बसायचं, मुकाट्याने डबा खायचा. मी उठणारच होतो, म्हणजे काय, तुम्हीच आत्ता म्हणालात की... तर कोरीनच म्हणाली, "ठीक आहे सर. टाकायला हवं होतं. ती माझी जबाबदारी होती." आणि बसली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. हे कुणाचं पोर आहे? नॅडीनचं, दुसरं काय.

म्हणजे जूनमध्ये पोरगी चालणार होती!

समारंभ फुटबॉलच्या मैदानावर. सगळं गाव आलेलं, ऊन असं की टोप्यांचा पुठ्ठा वाकायला लागला. सुरुवातीलाच स्ट्राउड बाई माईकवर, तोच पाक... "नावं पुकारताना टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या नकोत. प्रत्येक मुलाचं नाव ऐकू येणं हा त्याचा हक्क आहे. सगळ्यांसाठी मिळून शेवटी एकदाच टाळ्या वाजवू. नियम मोडणाऱ्यांना बाहेर नेण्यात येईल." नॅडीनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अगं, आता काय, इतके दिवस बसलो तसा अजून तासभर बसतो.

पण आडनाव व्राबेल! म्हणजे सगळी एबीसीडी संपत येईपर्यंत थांबा. एकेक पोर येतंय, हात मिळवतंय, जातंय, आईबाप कसे बसलेत, तर रुमाल तोंडात कोंबून. एकाची आजी नुसतं 'ऊं' म्हणाली तर चार जणांनी वळून बघितलं. मी मांडीखाली हात दाबून बसलो. टी संपला. यू मध्ये कुणी नव्हतंच. आणि मग... "कोरीन ॲन व्राबेल."

ती आली. निळा झगा, टोपी जरा तिरकी, आणि चालत होती, घाई नाही काही नाही, जशी वल्हं घेऊन संडासला जात असेल तशीच, ताठ. आणि एवढ्या मोठ्या मैदानात एक आवाज नाही. माझ्या पोरीसाठी एकाही माणसाचा आवाज नाही. मग काय झालं ते मला नॅडीननेच सांगितलं. मी म्हणे खुर्चीवर उभा होतो. मी म्हणे ओरडत होतो, "माझी पोरगी आहे ती! माझी!" कोरीन स्टेजवर थांबली, तिने बघितलं, आणि हसली. तेवढं मात्र मला नीट आठवतंय.

बंदोबस्ताला डार्ला होती, माझ्याच दुकानात टायर बदलून घेते. दंडाला धरून म्हणाली, "चल लेन, तमाशा नको, मला ड्यूटी करू दे." शेवटच्या टाळ्या मी पार्किंगमध्ये ऐकल्या, पिकअपला टेकून.

आता शाळेच्या आवारात यायला मला वर्षभर बंदी आहे. धाकट्याची कुस्ती असते तिथे, तीही नाही. अर्थात सुनावणीचा हक्क आहे मला. सोबत एक सज्ञान माणूस आणता येतं. कोरीन परवा अठराची झाली, तीच येणारेय माझ्याबरोबर. काल मला समोर बसवून, शांतपणे, समजूत घालतात तशी म्हणाली, "बाबा, अगदी सोपं आहे. तू फक्त एवढंच म्हण, की भान राहिलं नाही, चुकून ओरडलो. पहिलीच वेळ आहे, सोडतील."

आता तुम्हीच सांगा, समितीसमोर उभं राहून, तेही तिच्यादेखत, चुकून म्हणून कसं सांगू?