स्नॅप आणि सनद

अहो फोटोवाले, ती कात्री रिकामी वाजवू नका! घरात भांडण होतं म्हणे. का होतं, ते विचारायचं नाही — विचारलं की ही आमची नागुआत्या म्हणणार, ‘लय शिकलीस, गप बस.’ तुम्ही पडदा बांधा निवांत, मी हलत नाही. पण मघाशी तुम्ही ‘एकच स्नॅप घेतो’ म्हणालात, तेव्हा आमचे विरूपाक्षकाका कसे खाली बघायला लागले, पाहिलंत ना? तो शब्द नका काढू इथं. सगळ्या वालूर गावात गाजलाय तो!

सांगते ना. तसा शब्द मोठा गमतीचा — आपल्याकडे काटकी कट् मोडते, दोरा तटकन् तुटतो, टिचबटण टिच् लागतं, कुत्रं वसकन् अंगावर येतं — इंग्रजांचं या सगळ्यांना एकच, स्नॅप. चुटकी वाजवली तरी स्नॅप. मी काकांना फटकन् बोलले तरी स्नॅप — आणि ते मी रोज बोलते. आणि फोटोही स्नॅपच. का? कळ दाबली की कट् वाजतं म्हणून असेल, तुम्हालाच ठाऊक.

तर जिंतूरच्या शिवमूर्ती वकिलांनी, म्हणजे स्थळानं, काकांना सांगितलं, ‘मुलीचा स्नॅप पाठवा.’ काकांनी ऐकलं ‘सनद’! हसू नका हो. हयात गेली कचेरीत, सनदेशिवाय कानावर दुसरं पडतंय काय? त्यात समोरचा वकील! आत्यानं माझी इंटरची सनद फडक्यात बांधली — हैदराबादला कॉलेजात राहून मिळवलेली — आणि काकांनी ती थेट जिंतूरला नेऊन दिली.

आणि मी? मी म्हटलं, तोंडाआधी सनद मागणारा माणूस! निघाला एक तरी. बी. ए. पुरं करू देईल हा. आजोबांना, या मन्मथअप्पांना, मी आपण होऊन म्हणाले, ‘चालेल मला.’ रुमालसुद्धा भरायला घेतला होता त्यांच्यासाठी, कोपऱ्यात ‘शि’ — जाऊ द्या. रुमाल काय, हात पुसायलाही होतो.

काल सनद परत आली. वर निरोप — ‘कागदाला काय करायचंय? स्नॅप मागितला होता, मुलीचा रंग कळू द्या. आणि कॉलेज आता बस झालं.’ उलगडलीसुद्धा नव्हती हो त्यांनी. आत्यानं मारलेली गाठ तशीच!

हो, बसते नीट. हनुवटी वर म्हणता? आत्या म्हणते खाली. ‘हसू नगं, उद्धट दिसायलंय.’ ही पावडरही तिनंच थापलीय, उजळ दिसावं म्हणून. थांबा, पुसते मी ती. — पदरानंच पुसते, आत्या, राहू दे डाग.

नका, कॅमेऱ्याच्या कापडात डोकं नका घालू. मी उठले. अप्पा, ज्यानं माझी सनद उघडून पाहिली नाही, त्याला मी तोंड दाखवणार नाही. फोटोत नाही आणि समोरही नाही. हो म्हणाले होते ती मीच, आता नाही म्हणतेय तीही मीच. सोमवारी सेलूहून गाडी धरतेय, कॉलेज उघडतंय. आत्या, ती गाठ सोड, सनद सोबत नेतेय मी.

झालं हो फोटोवाले.

आवरा तुमची तिवई. चहा घेऊन जा.