भाव उतरायच्या आदल्या दिवशी

टॅक्सीवाला : माप खोटं नाही, हे मी मान्यच करतोय वहिनी. पाच लिटर म्हणजे पाच लिटर, माझ्या डोळ्यांदेखत मोजून दाखवलंत. माझं म्हणणं भावाचं आहे.

वहिनी : भाव बोर्डावर लिहिलाय.

टॅक्सीवाला : तेच तर. खाली डेपोच्या गावात लिटरमागे साडेतीननं कमी. नदीपलीकडे गेलं की सातनं कमी. तेच पेट्रोल, तीच कंपनी, वासही तोच. मग या डोंगरावरच त्याला सोन्याचा मुलामा कसा काय चढतो?

वहिनी : मुलामा नाही, ते घाट चढतं.

टॅक्सीवाला : बोलण्यात मी तुमच्यापुढे हरणार, ते जाऊ द्या. पण मी स्टँडचा अध्यक्ष आहे. चाळीस टॅक्स्या, चाळीस ड्रायव्हर, आणि चाळीसही जण सकाळपासून माझंच डोकं खातात. या महिन्यात भाव तीनदा चढला. काल आमची बैठक झाली. सोमवारपासून तुमच्या पंपावर कुणी यायचं नाही, खालून वर येतानाच टाकी भरून घ्यायची, असं ठरलं. मागून कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून स्वतः सांगायला आलो.

वहिनी : तोंडावर सांगितलंत, तरी वाटलंच.

टॅक्सीवाला : दादा असते ना, तर मी हे बोललोही नसतो.

वहिनी : हे असते तर तुम्ही दोघं तावातावानं भांडला असता आणि मग चहाला गेला असता. माझ्याशी तुम्ही धड भांडतही नाही. ठराव करून येता.

टॅक्सीवाला : बरं, मग भांडतो. भाव कोण ठरवतं?

वहिनी : कंपनी. रोज सकाळी सहा वाजता माझ्या फोनवर येतो, तो मी बोर्डावर लावते. माझं कमिशन लिटरमागे ठरलेलं. भाव आभाळाला टेकला तरी तेवढंच आणि जमिनीला टेकला तरी तेवढंच.

टॅक्सीवाला : हे कुणीही सांगेल हो.

वहिनी : म्हणूनच मी सांगत बसत नाही. उद्या पहाटे मामांचा टँकर रिकामा खाली जातोय. परवा भरून वर येईल. त्यांचा क्लीनर गावी गेलाय, शेजारची जागा मोकळी आहे. जा त्यांच्याबरोबर. स्वतः बघा, मग सोमवारचं काय ते ठरवा.

टॅक्सीवाला : मी? टँकरमधून?

वहिनी : अध्यक्ष तुम्हीच ना?

*

(दोन दिवसांनी, भर दुपारी. भरलेला टँकर घाट चढतो आहे.)

टॅक्सीवाला : मामा, तासभर झाला, आपण दुसऱ्या गिअरच्या वर गेलेलो नाही.

मामा : पोटुशी आहे बाबा ही. पोटुशी बाई काय पळत जिना चढते?

टॅक्सीवाला : माझी गाडी हाच घाट पाऊण तासात चढते.

मामा : तुझ्या गाडीत चार माणसं आणि त्यांच्या बॅगा. माझ्या पाठीवर बारा हजार लिटर, तेही हिंदकळणारं. वळणावर घाई केली की आतलं पेट्रोल म्हणतं, तू वळ, मी सरळ जातो. तू आपला बाहेर बघ जरा. मला बोलायला आवडतं, पण गिअर टाकताना बोलायचं नाही.

टॅक्सीवाला : एक विचारू? हिला एका खेपेला डिझेल लागतं तरी किती?

मामा : तू आधी मला सांग. स्टेशनवरून वर यायचं प्रवाशाकडून किती घेतोस?

टॅक्सीवाला : घाटाचं भाडं वेगळं असतं मामा. दीडपट.

मामा : का रे? माणूस तोच, सीट तीच.

टॅक्सीवाला : चढाला गाडी जास्त पिते, टायर झिजतात. आणि वरून खाली भाडं मिळेलच असं नाही, रिकामं परतावं लागतं.

मामा : बरोबर आहे तुझं. मग ही काय खाली जाताना सवारी भरून जाते?

टॅक्सीवाला : नाही, रिकामीच. कालच आलो ना तिच्यातून.

मामा : मग? अरे, साडेतीनमधला बहुतेक पैसा तोच आहे. ही घाटानं घेतलेली दीडपट.

टॅक्सीवाला : आणि नदीपलीकडचं? तिथं तर सातनं कमी. तिथं काय टँकर पोहत जातो?

मामा : तिथला कर कमी आहे. पेट्रोल डेपोतून निघतं तेव्हा त्याची किंमत एक असते. मग वाटेत एकेक जण त्यावर हात ठेवतो. मोठं सरकार ठेवतं, धाकटं सरकार ठेवतं. नदीपलीकडचं धाकटं सरकार जरा हलका हात ठेवतं, आपलं जड. का ठेवतं, ते मला विचारू नकोस. मी ड्रायव्हर आहे, मंत्री नाही.

टॅक्सीवाला : आणि महिन्यात तीनदा चढला तो?

मामा : आपण काल डेपोच्या गेटबाहेर चहा घेत होतो, तेव्हा तो जाडा ड्रायव्हर काय सांगत होता? बंदरात जहाजं उशिरा लागतायत. तिकडं लांब दोन देशांचं बिनसलंय, तेलाचा रस्ता अडलाय. तेल विकत घ्यायचं परक्या पैशात, आपला पैसा घसरला की तेच तेल महाग. तिकडं माल फार झाला, लोकांनी गाड्या कमी काढल्या, की उतरतो. एवढ्या मोठ्या जगात बाईंच्या हातात काय? बोर्डावरचे आकडे.

टॅक्सीवाला : पण चढताना उडी मारून चढतो आणि उतरताना मात्र जिना धरून, एकेक पायरी. हे काय आहे?

मामा : ते मात्र तुझं खरं आहे. ते कंपनीला विचार. थांब, वळण येऊ दे.

टॅक्सीवाला : टाका गिअर.

मामा : हं. अजून एक ऐक. आज सकाळी डेपोत ऊन कसं होतं?

टॅक्सीवाला : डोकं भाजत होतं.

मामा : आणि आता खिडकीतून हात बाहेर काढ.

टॅक्सीवाला : गार आहे. स्वेटर आणायला हवा होता.

मामा : पेट्रोललाही तेच वाटतं. उन्हात फुगलेलं भरून घ्यायचं, वर आलं की आक्रसतं. दर खेपेला थोडं कमीच उतरतं. ते कमी कुणाचं? बाईंचं. मी आठ वर्षं त्यांच्या टाकीत गज घालून मोजतोय, एकदाही माझ्यावर संशय घेतला नाही. नाहीतर दुसरे पंपवाले. गज बाहेर काढायच्या आत माझ्या खिशाकडं बघतात.

टॅक्सीवाला : हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

मामा : त्या बोलून दाखवत नाहीत, हाच घोळ आहे. आता आजचंच बघ. संध्याकाळी कर कमी झाल्याचं जाहीर होणार, डेपोत सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. उद्या सहापासून पाचनं तरी स्वस्त.

टॅक्सीवाला : मग चांगलंच आहे की. सगळ्यांना बरं.

मामा : सगळ्यांना बरं, पंपवाल्याचं मात्र वाटोळं. पाठीवरचं हे बारा हजार लिटर बाईंनी आजच्या भावानं पैसे भरून घेतलंय. उद्या सकाळी ते पाचनं कमी भावात विकायचं. डेपोत आज आपल्या पुढं-मागं किती टँकर होते?

टॅक्सीवाला : एक-दोन. मला वाटलं, रोज इतकेच असतात.

मामा : रोज रांग फाटकाबाहेर जाते. भाव उतरायची कुणकुण लागली की पंपवाले टँकर मागवतच नाहीत. टाकी आटू देतात आणि दोरीला पाटी अडकवतात, 'पेट्रोल शिल्लक नाही'. भाव उतरला की दुसऱ्या दिवशी माल घेतात. शहाणपणाचंच आहे ते, मी नावं ठेवत नाही.

टॅक्सीवाला : मग वहिनी का घेतात?

मामा : मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, खाली पंप बंद असला तर माणूस पुढच्या पंपावर जातो. इथं पुढचा पंप नाहीच.

टॅक्सीवाला : असं याआधीही घेतलंय त्यांनी?

मामा : मागं असाच कर उतरला होता एकदाच, दणकून. चार वर्षं झाली. बाईंचे मालक जाऊन तेव्हा तीन महिने झाले असतील. मी म्हटलं, बाई, या खेपेला राहू द्या, मोठा फटका बसेल. ऐकलं नाही. आदल्या दुपारी मीच ओतलं ना दहा हजार लिटर.

टॅक्सीवाला : कोणता दिवस होता तो?

मामा : तारीख कुणाच्या लक्षात आहे. थंडी होती.

टॅक्सीवाला : माझ्या लक्षात आहे. मामा, जरा थांबवता का गाडी?

मामा : घाटात भरली गाडी थांबवत नाहीत. काय झालं, मळमळतंय?

टॅक्सीवाला : नाही. माझी मुलगी त्या दिवशी झाली.

मामा : कोणत्या?

टॅक्सीवाला : भाव उतरला त्या दिवशी. घरात सगळे चिडवतात तिला, काय पायगुणाची पोरगी, जन्मली आणि पेट्रोल स्वस्त झालं. मी स्वतः स्टँडवर पेढ्यांऐवजी हीच गोष्ट वाटत फिरलो.

मामा : मग हसायचं सोडून रडतोस का?

टॅक्सीवाला : पहाटे पाचला बायकोला कळा सुरू झाल्या. दाई म्हणाली, मूल आडवं आहे, खाली मोठ्या दवाखान्यात न्या. माझ्या गाडीत काटा तळाला. मी वहिनींच्या दारावर थाप मारली. शाल पांघरून आल्या, टाकी भरून दिली आणि म्हणाल्या, पैशाचं नंतर बघू, आधी जा. वाटेत बायको विव्हळत होती आणि मी खिडकीतून बघत होतो. घाटाखालचा पंप, पाटी. तिठ्यावरचा पंप, पाटी. दवाखान्याच्या अलीकडचा, तिथंही पाटी. तेव्हा वाटलं, संप असेल काहीतरी.

मामा : संप नव्हता रे.

टॅक्सीवाला : डॉक्टर म्हणाले होते, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींपैकी एकीला वाचवा म्हणावं लागलं असतं.

मामा : रुमाल आहे का? डॅशबोर्डवरचं फडकं घेऊ नकोस, ग्रीसचं आहे.

*

(त्याच संध्याकाळी, पंपावर.)

वहिनी : टँकरचा शेवटचाच कप्पा ओतायचा राहिला ना मामा? त्याचंही सील बघून घेते. आणि अध्यक्ष, फोन करायचा असेल तर रस्त्यापलीकडे जाऊन करा, टँकर ओततोय तोवर इथं नको.

मामा : तो पलीकडेच होता बाई, अर्धा तास. चाळीस फोन करून आलाय.

वहिनी : मग? बघितलंत डोळ्यांनी?

टॅक्सीवाला : बघितलं. वहिनी, मला नीट बोलता येत नाही, म्हणजे बैठकीत येतं, असं समोरासमोर येत नाही.

वहिनी : मग नका बोलू. चहा घ्या, गारठलात.

टॅक्सीवाला : नाही, बोलतो. माझी मुलगी झाली त्या पहाटे तुमच्या टाकीत पेट्रोल होतं. ते असायला नको होतं. कुणाकडंच नव्हतं. तुम्ही नुकसान सोसून ते ठेवलं होतंत, आणि मला चार वर्षांनी, दुसऱ्याच्या तोंडून कळलं. मी त्या पेट्रोलचे पैसे दिले, उतरलेल्या भावानं दिले, आणि वर तुम्हाला म्हणालो, बघा वहिनी, पोरगीनं स्वस्ताई आणली.

वहिनी : छान म्हणाला होतात. तीन महिन्यांत त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले होते.

टॅक्सीवाला : तुमचं तेव्हा किती गेलं?

वहिनी : गेलं ते गेलं. ते दोन वर्षांत भरून निघालं. बाळंतीण कशी आहे, पोर कशी आहे, एवढं मी विचारलं होतं, तुम्ही म्हणालात, दोघी सुखरूप आहेत. मला त्यात सगळं मिळालं. शपथेवर सांगते, पुन्हा त्याचा विचारही केला नाही.

टॅक्सीवाला : मी मात्र आता रोज करणार आहे. माझ्या घरी दोन माणसं आहेत ती तुमच्यामुळं आहेत वहिनी. मी तुमचा फार आभारी आहे.

वहिनी : बरं. ऐकलं मी. आता डोळे पुसा, लोक म्हणतील पंपवालीनं भाव सांगून रडवलं.

मामा : बाई, रस्त्याकडं बघा जरा.

वहिनी : एवढ्या गाड्या? अपघात झालाय का वळणावर?

टॅक्सीवाला : आमच्याच आहेत. सव्वीस आल्यात, बाकीचे भाडं सोडून येतायत. सोमवारचा ठराव मागं घेतलाय. फोनवरच, एकमतानं.

वहिनी : पण आत्ता कशाला? सगळे आत्ताच का? अध्यक्ष, मघाशीच जाहीर झालंय, उद्या सहापासून साडेपाचनं स्वस्त होतंय. आज भरणारा मूर्ख ठरेल. सांगितलंत ना त्यांना?

टॅक्सीवाला : तेच सांगून बोलावलंय. उद्या उतरणार आहे, आजच भरा म्हटलं.

वहिनी : चाळीस गाड्यांनी माझी टाकी काही रिकामी होत नाही.

टॅक्सीवाला : नाही होत, माहीत आहे. मी केबिनमध्ये हिशेब केला, आठवा हिस्साही होत नाही.

वहिनी : मग?

टॅक्सीवाला : एवढंच आमच्या हातात आहे, म्हणून. इथून पुढं भाव उतरायच्या आदल्या दिवशी आम्ही भरणार. चढायच्या आदल्या दिवशी नाही आलो तरी चालेल.

मामा : माझं ओतून झालं बाई. तासभर बसू दे, गाळ खाली जाऊ दे, मग सुरू करा. थांबतील ते. रांगेत उभं राहायची सवय आहे त्यांना.

वहिनी : थांबतील?

टॅक्सीवाला : कुणी हॉर्नही वाजवणार नाही. आणि पहिला नंबर माझा. टाकी फुल करा.

वहिनी : बरं. सुरू करताना आकड्यावर शून्य आहे ना, ते बघून घ्या, भाऊजी.