आईच्या बॅगेतल्या बाटल्या

मुलगी : नाही, कडेला नाही. चाकांच्या बाजूला तर मुळीच नाही. मधे ठेव. चारी बाजूंनी कपडे आले पाहिजेत.

आई : मग तूच भर ना. मघापासून मी ठेवते आणि तू उपसतेस.

मुलगी : उपसते, कारण काचेची बाटली तू नुसत्या पंच्यात गुंडाळलीयस. आमच्याकडे बॅगा ठेवत नाहीत, आई, फेकतात. मी दिवसभर सामानाच्या तक्रारींच्या काउंटरवर असते. गळकी बॅग हातात धरून माणूस येतो आणि माझ्यावर ओरडतो. उघडून बघावं, तर बाटलीची मान गेलेली. नेहमी मानच जाते.

आई : पुरे झालं तुझं विमानतळपुराण. करायचंय तर नीट कर.

मुलगी : टोपणाला चिकटपट्टी लावली. आता पिशवीत घाल. हवा काढ आतली. दाब. अगं, दाब म्हणते तर कुरवाळतेस काय?

आई : बोटं दुखतात माझी.

मुलगी : दुकानातून उचलून आणताना नाही दुखली ती?

आई : तोंड सांभाळ. साहेबांना द्यायच्यात त्या. त्यांचा निरोप समारंभ आहे. बाळ्या म्हणाला, इकडची मिळाली तर बरं, तिकडे ही मिळत नाही.

मुलगी : बाळ्यानं साहेबाला दारू द्यायची, आणि ती त्याच्या आईनं सुजलेल्या गुडघ्यानं विमानातून वाहून न्यायची. झकास. दुसरी दे. हिच्यावर माझा जुना स्वेटर घालते. दोघी एकमेकींना लागता कामा नयेत.

आई : तो स्वेटर चांगला आहे.

मुलगी : मग गाउन दे. आणि ही तेलाची बाटली कशाला? तिकडे तेल मिळत नाही?

आई : ती असू दे. ती मी हातातल्या पिशवीत ठेवीन.

मुलगी : हातातल्या पिशवीत पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत. दे इकडे.

आई : असू दे म्हटलं ना!

मुलगी : आई, हे तेल नाहीये.

आई : काच फुटते म्हणून प्लास्टिकमधे ओतली. तूच म्हणतेस ना, मान जाते म्हणून?

मुलगी : साहेबाला ही देणार तो? तेलाच्या बाटलीतून? निरोप समारंभात, वर रिबीन बांधून?

आई : एक बाटली जास्तीची आहे. कोणी आलं-गेलं तर.

मुलगी : कोणी आलं-गेलं तर तू पाणी विचारतेस. खरं बोल. कोणाला आहे ही?

आई : तुला सगळं माहीत असतं, मग मला कशाला विचारतेस?

मुलगी : तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

आई : बाळ्याला. झालं समाधान? तिन्ही बाळ्याला. साहेब नाही आणि समारंभ नाही.

मुलगी : आणि मी मूर्खासारखी टोपणांना चिकटपट्ट्या लावत बसलेय.

आई : मी नाही सांगितलं तुला. तूच घुसलीस खोलीत, ‘मी भरते, तुला नाही जमणार’ म्हणत.

मुलगी : डॉक्टर काय म्हणाले होते त्याला? तू होतीस ना समोर? यकृत गेलंय, एक घोटसुद्धा नको, असं म्हणाले होते. मान हलवत होतीस तू.

आई : डॉक्टरांना काय होतंय सांगायला? ते राहतात का त्याच्या घरात? तू आणि त्याच्या बायकोनं त्याला उचलून त्या दारू सोडवायच्या ठिकाणी नेऊन टाकलं. वेड्यांसोबत ठेवलं. माझा मुलगा दाराला धरून रडत होता.

मुलगी : वेड्यांसोबत नाही. त्याच्यासारख्यांसोबत. आणि त्याला नेऊन टाकलं म्हणून तो आज तुला फोन करायला जिवंत आहे.

आई : जिवंत आहे! सुकून काटकी झालीय त्याची. पितो तो अजूनही, कळलं? तुमच्या त्या उपचारांनी काही झालं नाही. बाहेर पितो, चोरून पितो, आणि मग गाडी चालवत घरी येतो. एक दिवस कुठेतरी आपटेल आणि मला इथे फोन येईल. असे फोन आलेले मी शेजारीपाजारी पाहिलेत.

मुलगी : तुला कोणी सांगितलं तो पितो म्हणून?

आई : त्यानंच. तो माझ्याशी खरं बोलतो. तुमच्याशी नाही बोलत, कारण तुम्ही लगेच पोलिसासारख्या अंगावर जाता. मला म्हणाला, आई, तू ये. तू असलीस तर मी घरातच घेईन, तुझ्यासमोर, तू देशील तेवढीच. बाहेरचं बंद.

मुलगी : आणि तू विश्वास ठेवलास.

आई : मी आई आहे त्याची.

मुलगी : बाबांची तर आई नव्हतीस ना? त्यांच्या बाबतीतही तू हेच केलंस.

आई : त्यांचं नाव काढू नकोस.

मुलगी : काढणार. रोज संध्याकाळी औषधाच्या मापानं ओतून द्यायचीस. घरात पितात, रस्त्यात पडत नाहीत, म्हणून शेजाऱ्यांपुढे ताठ मानेनं फिरायचीस. माप तुझ्या हातात होतं, आणि बाटली संपली की ओरडायचे ते. मग तू परत जायचीस दुकानात.

आई : त्यांचा पगार घरी यायचा म्हणून तुझी फी भरली गेली. बाहेर प्यायले असते तर दुकानदाराच्या खिशात गेला असता. तू आज ज्या काउंटरवर बसून मला अक्कल शिकवतेस ना, तो त्या मापानं मिळालाय तुला.

मुलगी : हो का? आणि बाजाराच्या पिशवीत बाटल्या एकमेकींवर आपटून आवाज होऊ नये म्हणून तू मधे काय गुंडाळायचीस, आठवतं? माझा शाळेचा फ्रॉक. एकदा बाटली गळली. तुला कळलंही नाही. मी तोच फ्रॉक घालून शाळेत गेले. बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, वास कसला येतोय?

आई : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मुलगी : सांगून काय केलं असतंस? दुसरा फ्रॉक गुंडाळला असतास.

आई : किती विष आहे गं तुझ्यात. म्हणून तर तो तुझ्याशी बोलत नाही.

मुलगी : बोलत नाही. दवाखान्याच्या कागदावर मी सही केली, त्या दिवसापासून एक शब्द बोललेला नाही. माझ्या वाढदिवसाला तुझी सून फोन करते, आणि मागे तो टीव्हीचा आवाज वाढवतो. ते चालेल मला. तो मेलेला नाही चालणार.

आई : सून! त्या बयेचं नको सांगूस मला. तिनंच त्याला घरात परका केलाय. कपाटं तपासते, खिसे तपासते, तोंडाचा वास घेते. असल्या घरात कुठला पुरुष टिकेल?

मुलगी : त्या बयेनं काल मला फोन केला होता. रडत होती. म्हणाली, ताई, आई येतायत तर बरं वाटतंय, घरात कोणीतरी माझ्या बाजूचं असेल. तुझ्याबद्दल म्हणाली ती हे, आई. तुझ्याबद्दल!

आई : तिला म्हणावं, नाटकं पुरे.

मुलगी : तूच म्हण जाऊन. आणि ही तेलाची बाटली तर बॅगेतूनही जाणार नाही. सील फोडून दुसरीकडे ओतलेली चालत नाही. सापडली तर तुला बाजूला घेतील, बॅग उघडायला लावतील, सगळ्यांसमोर हुंगतील. माझ्या ओळखीची माणसं असतील ती. ‘या ताईंच्या आई का?’ म्हणतील.

आई : तुझी अब्रू जाईल, हे दुखतंय होय तुला!

मुलगी : हो, तेही दुखतंय. एवढी वर्षं तेच दुखतंय.

आई : मग त्या दोन राहू देत. त्या सीलबंद आहेत, तू बांधल्याही आहेस नीट. बॅग बंद कर. टॅक्सी येईल आता.

मुलगी : मी बंद करणार नाही.

आई : मी करते. सरक.

मुलगी : कर. चेनमधे गाउन अडकलाय. ओढ जोरात, बघू कशी लागते ते.

आई : सरक म्हणते ना! जन्माला आल्यापासून वाटेत उभी आहेस माझ्या!

मुलगी : आता फोन वाजतोय तुझा. घे. लाडका असेल.

(आईला कमी ऐकू येतं, ती नेहमीसारखा फोनचा स्पीकर लावते.)

आई : हॅलो, बाळ्या?

मुलगा : आई, निघालीस का?

आई : निघतेच आहे. जेवलास का तू?

मुलगा : हो, हो. ते घेतलंस ना?

आई : घेतलं. अरे, गुडघा परत सुजलाय माझा. तिथे चाकांची खुर्ची मिळेल ना मला?

मुलगा : मिळेल गं. किती घेतल्यास? तीन म्हणाली होतीस.

आई : तीन.

मुलगा : नीट गुंडाळ. ताई आहे का तिथे?

आई : नाही. कामावर गेलीय.

मुलगा : बरंय. तिला वास लागू देऊ नकोस. आणि ऐक, मी एकटाच येतोय तुला घ्यायला. हिला नाही आणत. पार्किंगमधेच बॅग उघडू आणि त्या काढून ठेवू.

आई : पार्किंगमधे कशाला? घरी गेल्यावर काढू की. मी माझ्या कपाटात ठेवीन, किल्ली माझ्याकडे. असंच ठरलं होतं ना आपलं?

मुलगा : हो, पण घरी ही असते. डिकीत राहू देत. मी बघतो काय ते.

आई : डिकीत? म्हणजे तू गाडीत घेणार?

मुलगा : आई, आता तू नको सुरू होऊस.

आई : मी मोजून देणार होते, बाळा. जेवायच्या आधी. माझ्यासमोर बसून घेणार होतास तू.

मुलगा : दे की. त्यातली एक तू ठेव तुझ्या कपाटात. मग तर झालं?

आई : आणि समज, विमानतळावर काढून घेतल्या त्यांनी, तर?

मुलगा : काढून कशा घेतील? मी आज रजा टाकलीय त्याच्यासाठी.

आई : कशासाठी?

मुलगा : म्हणजे, तुला घ्यायला यायचंय म्हणून. शब्दात काय पकडतेस? चल, ठेवतो. ही येतेय.

आई : हॅलो? बाळ्या? ठेवला.

मुलगी : पाणी देऊ?

आई : नको. अशी बघू नकोस माझ्याकडे.

मुलगी : मी काही बोलले नाही.

आई : तुला बोलायची गरजच नसते. तोंडावर लिहिलेलं असतं सगळं. ‘बघ, मी म्हणत नव्हते!’ हो, म्हणत होतीस. मोठी शहाणी. एक दिवस तरी चुकीची ठर की गं.

मुलगी : मला चुकीचंच ठरायचं होतं.

आई : गुडघ्याचं ऐकलंसुद्धा नाही त्यानं.

मुलगी : मिळेल म्हणाला ना खुर्ची.

आई : बाजू घेऊ नकोस त्याची. तुला शोभत नाही. काढ त्या.

मुलगी : काय?

आई : बाटल्या. काढ बॅगेतनं. आता बहिरी झालीस का? ती चिकटपट्टी जपून काढ, लेबल फाटेल. सीलबंद आहेत, दुकानदार परत घेतो का विचार.

मुलगी : आणि तेलाच्या बाटलीतली?

आई : ओत. मोरीत नको, घरभर वास राहतो. खाली गटारात ओत. मी गेल्यावर.

मुलगी : तू जाणार आहेस तरी?

आई : मग? तिकीट काय फाडून टाकू? आणि ती पोरगी वाट बघत असेल.

मुलगी : मघाशी बया होती ती.

आई : फार जीभ चालवू नकोस. ती मधली जागा मोकळी राहिली, तिथे तुझा स्वेटर घाल. थंडी असते म्हणे तिकडे.

मुलगी : घातला. उचल त्या बाजूनं. आता लागली बघ चेन. खाली हॉर्न वाजतोय, टॅक्सी आली वाटतं.

आई : ऐकू आलं मला.

मुलगी : तो पार्किंगमधे बॅग उघडेल, आई. समोर उभा राहून उघडेल. काय सांगशील त्याला?

आई : सांगेन, ताईला सापडल्या. तिनं काढून घेतल्या, ओतून टाकल्या. माझं काही चाललं नाही.

मुलगी : म्हणजे परत मीच.

आई : तूच. माझ्यावर चिडला तर मला घरात राहू द्यायचा नाही, आणि मला तिथे राहायला हवं. तुझ्यावर तो चिडलेलाच आहे.

मुलगी : सांग मग. काय वाट्टेल ते सांग.

आई : पट्टा धर बॅगेचा, जिन्यावर आपटेल. आणि आज रात्री फोन जवळ ठेव तुझा.

मुलगी : का?

आई : शिव्या द्यायला का होईना, तुला फोन करेल तो.