नदीपलीकडे राहिलेला पाट

अहो, पाट राहिला तिकडे, पाट, अशी आमची शालू होडीतून उतरल्या उतरल्या ओरडायला लागली, आणि समोरच्या काठावर पहाऱ्यावरचा मुरात बंदूक रोखून उभा. जीव मुठीत धरून आम्ही त्या देशातून नुकतेच निसटलेलो, आणि हिला पाटाची पडलेली.

थांबा, आधीचं सांगतो. मी मूळचा चिपळूणचा, खाडीकाठचा, चालायच्या आधी वल्हं मारायला शिकलो. फिटर म्हणून तिकडच्या सिमेंट कारखान्यावर गेलो, मागाहून हिलाही नेलं. देशाचं नाव घेत नाही. काय सांगू तुम्हाला, तिथे कुत्रं भुंकलं तरी कुणावर भुंकलं याची चौकशी व्हायची. करार संपला तरी पासपोर्ट साहेबाच्या कपाटात, घरी जातो म्हटलं की साहेब म्हणायचा, इथे काय कमी आहे तुम्हाला. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला सरहद्दीची नदी, आणि नदीवर होड्या फक्त पहाऱ्याच्या. एक गवंडी पोहत निघाला होता, त्याचं नाव पुढे कुणी घेतलं नाही, जेवतानासुद्धा नाही.

मग गणपती आले. शालूने नदीच्या मातीचा गणपती केला, साहेबाला मोदक चारले, इतके की तो खुर्चीतून उठेना, मग म्हणाली, आमच्या देवाला भर पात्रात पोचवावं लागतं, काठावर चालत नाही. साहेब म्हणाला, जा, मुरात बंदूक घेऊन काठावर राहील. भर दुपारी काठावर पाट मांडून आरती केली, मुरातने टाळ्या पण वाजवल्या, मूर्ती होडीत घेतली, मधोमध बाप्पाला निरोप दिला, आणि मग मी अशी वल्ही मारली की मासे मागे पडले. पाट मात्र आरतीच्या जागीच. आता विसर्जनानंतर पाटावर नदीची वाळू घेऊन घरी यायचं, पुन्हा आरती करायची, त्याशिवाय बाप्पा पोचले असं ही मानतच नाही. घर कुठलं ते ठरायचं होतं, पण पाट हवा.

आणि हिचा आवाज म्हणजे, इथे कॉव्हेंट्रीत ही चहा झालाय म्हणाली की शेजारचा टॉम कुंपणावरून कप पुढे करतो. मी म्हटलं, अगं गप, गोळी घालेल तो. मुरातने आमच्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, बंदूक खाली ठेवली, पाट डोक्यावर घेतला, दुसऱ्या होडीत बसला आणि आला. आला तो आलाच.

हिचा भाऊ इथल्या हॉस्पिटलात, म्हणून आम्ही इकडे, आणि आश्रय मागून मागोमाग मुरात. आता तो बस चालवतो. आई तिकडेच आहे, तिच्याशी फोनवर फक्त हवेबद्दल बोलतो, तिकडे कुणीतरी ऐकत असतं ना.

यंदाही बाप्पा त्याच पाटावर बसले. बॅक गार्डनमध्ये टबात विसर्जन केलं, कुंडीतली चिमूटभर माती घालून पाट मुरातनेच आत आणला. मी विचारलं, काय रे, तेव्हा गोळी का नाही घातलीस?

मोदक खाता खाता तो म्हणाला, वहिनींनी पाट मागितला होता.