उठले ते कोण, बसले ते कोण

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि समितीच्या प्रमुख माननीय डेल्गाडोबाई, व्यासपीठावरचे आजी-माजी सदस्य, उजवीकडे गणवेशात बसून ‘आम्ही इथे नाहीच’ असा चेहरा केलेले मान्यवर पाहुणे, आणि ज्यांच्या सत्कारासाठी वॉशिंग्टनच्या या उकाड्यात आपण कोट घालून जमलो त्या आमच्या सचिव लॉर्ना पेटिग्रूबाई, सर्वांना या नेब्रास्काच्या म्हाताऱ्याचा, ग्रोव्हर लिंडक्विस्टचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. प्रतिनिधीगृहात एवढ्या वेळात माझा घसाही साफ होत नसे.

सरकार लपूनछपून जे लष्करी उद्योग करतं, त्यांवर लोकप्रतिनिधींनी नजर ठेवावी म्हणून ही समिती. आता लपवलेल्या गोष्टीवर नजर ठेवायची कशी, हे कायदा करणाऱ्यांनी काही सांगितलं नाही. आंधळी कोशिंबीरच ती. पट्टी आमच्या डोळ्यांवर, आणि ती बांधणारे लपणारेच. उघड सभेत विचारावं, तर “बंद खोलीत सांगू.” तळघरातल्या त्या बंद खोलीत, फोन बाहेर ठेवून, मुकाट्यानं जाऊन बसावं, तर “त्यासाठी वेगळी परवानगी लागते, साहेब.” खोलीत खात्रीनं हाती लागायचा तो फक्त डोनट.

माझ्या मतदारसंघात नोरीन स्टॅनिक नावाच्या बाई आहेत. त्यांचा नवरा गस हवाई दलात विमानं दुरुस्त करायचा. एके दिवशी बंद शवपेटी घरी आली. ‘वाळवंटात सरावाच्या वेळी अपघात’, एवढंच कळवलं. सोबत त्याचे बूट आले, तर तळव्यांना लाल चिखल. बाई बूट घेऊन थेट माझ्या कचेरीत. “लिंडक्विस्टसाहेब, वाळवंटात चिखल कुठला हो? मला भरपाई नको, पदक नको. माझा माणूस कुठं आणि कसा गेला, तेवढं सांगा.”

मी विचारत राहिलो. उत्तर ठरलेलं: अशी मोहीमच नव्हती. शेवटी एका जनरलसाहेबांना बंद खोलीत बोलावलं. नाव सांगत नाही, ते आता सुखानं मासे पकडतात. त्यांनी शपथेवर तेच सांगितलं. मी तेव्हा समितीचा प्रमुख, पण हात टेकले. तेवढ्यात लॉर्नाबाई कानाशी आल्या. “एक सूचना वाचू का? नेहमीचीच.”

तुम्हाला ठाऊक आहे, त्या खोलीत प्रत्येक गुप्त विषयाआधी एक सूचना होते. तिची सवय इतकी, की चर्चमध्ये जशी माणसं न सांगता उठतात, तशी तिथेही उठतात. बाईंनी झोपाळू आवाजात वाचलं, “यापुढचा विषय, सार्जंट स्टॅनिक ज्या मोहिमेवर होते ती मोहीम. ज्यांना तिची परवानगी नाही, त्यांनी कृपया बाहेर थांबावं.”

दोन तरुण अधिकाऱ्यांनी कागद गोळा केले आणि निघाले. खात्याचा वकीलही उठला. दार लागलं. जनरलसाहेब आणि त्यांचे दोन सहकारी बसूनच.

“जनरलसाहेब, आपण बसलात,” बाई म्हणाल्या.

“बसलो. मग?”

“नाही म्हणजे, नसलेल्या मोहिमेची परवानगी आपल्याला दिली कुणी?”

जनरलसाहेबांनी दाराकडे पाहिलं. मग पाणी मागितलं. बाईंनी दिलं, माणुसकीला त्या कधी चुकल्या नाहीत. घरच्यांना खरं सांगेपर्यंत खात्याला पैसा मिळणार नाही, असा ठराव आम्ही तिथल्या तिथं केला.

नोरीनबाईंना त्याच खोलीत नेऊन खात्याच्या माणसांनी सगळं सांगितलं. आधी सही घेतली, की यातलं अवाक्षर कुणापाशी काढणार नाही. आमच्यापाशीसुद्धा. म्हणजे ज्यांनी दार उघडलं, तेच बाहेर. त्या बाहेर आल्या. त्या, लॉर्नाबाई आणि मी, तिघं लिफ्टमध्ये शिरलो. दार लागलं आणि नोरीनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “तो एकटा नव्हता. शेवटपर्यंत कुणीतरी त्याचा हात धरून बसलं होतं.”

मी लॉर्नाबाईंकडे पाहिलं. नियम मोडला म्हणून भल्याभल्या सदस्यांना शाळकरी पोरांसारखं झापणारी ही बाई. आता काय करते? तर त्यांनी कानामागं हात धरला. “मला हल्ली जरा कमी ऐकू येतं, बाई. पुन्हा सांगता?”

नोरीनबाईंनी पुन्हा सांगितलं. “काय म्हणालात?” पुन्हा. लिफ्ट वर येईपर्यंत ती माउली तेच सांगत होती, दर वेळी थोडं मोठ्यानं, आणि रडत होती. घरी गेल्यावर ते तिला कुणालाच सांगता येणार नव्हतं ना. लॉर्नाबाई, तुमचे कान तेव्हाही उत्तम होते, हे मला माहीत आहे.

परवा नोरीनबाईंना फोन करून विचारलं, हे सांगू का? म्हणाल्या, “सांगा की. या वयात मला कोण धरून नेतंय?”

लॉर्नाबाई, या समितीनं जे काही पाहिलं ते तुमच्या डोळ्यांनी. तुमचे आभार मानतो. आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचेही. वेळ जास्त घेतला, पाहुण्यांना टोचून बोललो, त्याबद्दल मोठ्या मनानं क्षमा करा. गुपित फोडलं, त्याची मात्र माफी मागत नाही. मागं कुणाला नीट ऐकू गेलं नसेल, तर पुन्हा सांगतो. गस स्टॅनिक एकटा नव्हता.

धन्यवाद.