दादूचा आवाज

अक्षया : आई, बाबा अडले की शब्द तू पुरवायचा नाहीस. अडू देत त्यांना.

मथुरा : बघवत नाय गो. आणि ता ऐकणार कोण, तर कुठली कुठली माणसं.

अक्षया : नाव जात नाही, नुसता आवाज जातो. ते लोक घरबसल्या ऐकतात आणि म्हातारं माणूस कुठे थांबलं, कुठला शब्द सापडला नाही, त्याच्या खुणा करतात. पगार नाही, हौसेनं. असे हजारो आवाज जमले, की डॉक्टरांना विसरायचा हा आजार आधीच ओळखता येईल.

मथुरा : मिरकरवाड्याच्या बंदरावर तीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारला तुझ्या बापसाने. काल ‘चमचा’ म्हणता येईना.

अक्षया : म्हणून तर करतोय ना हे. प्रश्न तू वाच, माझ्याशी ते बोलत नाहीत. हां, रेकॉर्डिंग सुरू केलंय.

मथुरा : तुमच्या आयुष्यातला आनंदाचा दिवस सांगा.

दादू : तू कामाला नवी हायस काय गो बाये?

मथुरा : होय. नवीच.

दादू : मग आयक. मालन भाट्याच्या वाळूत बसली व्हती. हिरवा लुगडा. मी बंदरावरनं धावत गेलो, अंगाला मासळीची घाण. धुवायला निघालो तर म्हणते, असाच बस. दिवस बुडेस्तोवर बसलो. बापाने दुसरीकडं शब्द दिला, नायतर तिलाच घरात आणली असती.

अक्षया : आई, बंद करते मी.

मथुरा : थांब. आणि बायको?

दादू : कोण? हां, व्हती एक. भाकऱ्या बऱ्या करायची.

अक्षया : पुसून टाकते हे.

मथुरा : कुठं अडले काय?

अक्षया : नाही. महिन्याभरात पहिल्यांदाच.

मथुरा : मग जाऊ दे, जिथं जाता तिथं.

दादू : मालन आली काय गो?

मथुरा : मालन मेली.

दादू : कधी?

मथुरा : आज सकाळी. जाळूनपण आले.

अक्षया : आई! परवा बाजारात भेटली मला मालनमावशी! बाबा, खोटं आहे, ती...

मथुरा : तू गप ऱ्हा. एकेचाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या मी.

अक्षया : रडतायत ते. बघ तरी.

मथुरा : रडू देत. तुझ्या पाठचा चार दिवसांचा होऊन गेला, तेव्हा ह्यांच्या डोळ्याला टिपूस नव्हता.

(रेकॉर्डिंग चालूच.)

दादू : बाये, एक कर. मी रडलो ता आमच्या मथुरेला सांगू नको.

मथुरा : का?

दादू : पोर गेल्यापासना तिच्यापुढं रडत नाय मी. मोडंल ती.

मथुरा : नाय सांगत.