"घरात काही नाही" असे म्हटल्याबद्दल

नाव ओपल स्टिडम, वय ६२, धंदा घरकाम व शिवणकाम, राहणार स्लेट ब्रँच खोरे, टॅलमन काउंटी, केंटकी.

मी कोणी न बोलावता शेरीफ कचेरीत आले आहे आणि डेप्युटी वेन फ्युगेट यांच्यासमोर बसून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझी सून टॅमी व नात केली, वय ६, अशा राहतो. मुलगा ट्रक चालवतो, आठवड्याने घरी येतो.

मागे आमचा फ्रीज बंद पडला. केलीने ते शाळेत सांगितले. पोरगी बडबडी आहे. त्यावरून कोणीतरी तक्रार केली, हे आम्हाला नंतर कळले. मंगळवारी सकाळी, केली शाळेत असताना, बालसंरक्षण खात्याच्या बाई घरी आल्या. सोबत एक डेप्युटी होता. त्याचे नाव शेवटी सांगते.

"आत आलं तर चालेल का?" बाईंनी विचारले.

"या की, विचारताय काय," टॅमी म्हणाली. "बूट राहू द्या पायात."

आमच्याकडे आलेल्याला दारात उभे ठेवत नाहीत. कोर्टाचा कागद आहे का, तक्रार काय आहे, हे विचारायचे तिला सुचले नाही, मलाही नाही. बाईंनी फ्रीज उघडला. तो रिकामा होता. टॅमीने त्यांना जेवायचा आग्रह केला. "घरात काही नाही हो वाढण्यासारखं, पण आहे ते गोड मानून घ्या." आमच्या खोऱ्यात टेबल भरून वाढले तरी असेच म्हणतात. बाई जेवल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य लिहून घेतले.

आमचे अन्न कोठीत असते. ती घरामागे डोंगरात खणलेली आहे. बटाटे, खारवलेले डुकराचे मांस आणि छतापर्यंत मुरवलेल्या भाज्यांच्या बरण्या. बाईंनी विचारली नाही, आम्ही दाखवली नाही. कोठी काय पाहुण्यांना दाखवायची असते?

बाई गाडीत जाऊन बसल्या. माझ्या दारातून कोणी रिकाम्या हाताने जात नाही, म्हणून मी कोठीतून घेवड्याच्या शेंगांची बरणी आणून डेप्युटीला दिली. "कशाला उगीच, मावशी," म्हणाला, आणि घेतली.

बुधवारी शाळेची बस आली. दार उघडले. केली उतरली नाही.

"टॅमे, तिला दुपारीच शाळेतून नेलं की," ड्रायव्हर म्हणाला. "तुला कुणी बोललं नाही?"

टॅमी रस्त्यातच बसली. मला काही सुचेना. मी ड्रायव्हरला विचारले, कॉफी घेणार का.

फोनवर बाईंनी सांगितले की न्यायाधीशांचा हुकूम आहे. "घरात अन्न नसल्याचं आईनं स्वतः कबूल केलंय."

"कबूल?" टॅमी एवढेच म्हणाली.

आज सकाळी कोर्टाने दिलेला वकील भेटला. तो म्हणाला, मंगळवारी हुकूम नव्हता तर दारातूनच नाही म्हणता आले असते, तक्रार विचारता आली असती, वकील येईपर्यंत गप्प बसता आले असते. मी म्हटले, "लेकरा, हे आम्हाला आधी कोण सांगणार होतं?" उद्या सुनावणी आहे. केली घरी येणार की परक्यांकडे राहणार, ते उद्या ठरेल.

त्या दिवशीचा डेप्युटी म्हणजे हा जबाब लिहून घेणारे वेन फ्युगेट. ते याच खोऱ्यात वाढले. त्यांच्या आईचीही अशीच कोठी आहे. "घरात काही नाही" म्हणजे काय, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. बाई लिहीत होत्या तेव्हा ते शेजारी उभे होते आणि बोलले नाहीत.

"मावशी, हे लिहायलाच हवं का?" असे त्यांनी आत्ता विचारले.

"लिही, वेन. आणि उद्या कोर्टात बरणी घेऊन ये. खाल्ली असशील तर रिकामी आण."

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या वाचनात बरणीचा भाग वाचायचा राहिला होता. तो पुन्हा वाचायला लावला. आता मी सांगितले तसाच आहे.

सही, ओपल स्टिडम